आडनाव गाढवे, मग बाळाचं नाव काय ठेवावं?

प्रश्न नागपुरातल्या मानेवाड्याहून आलाय. थोडक्यात असा: "आमचं आडनाव गाढवे. शाळेत मी जे ऐकून घेतलं ते पोराच्या वाट्याला येऊ नये. मुलगा झालाय, नक्षत्र आर्द्रा, गुरुजींनी कु, घ, ङ, छ ही अक्षरं दिली आहेत. बायकोच्या मनात अश्वजित आहे. बहीण आत्याचा मान म्हणून कुशल ठेवायचं म्हणते. आई अक्षर सोडायला तयार नाही. आडनाव झाकलं जाईल असं भारदस्त नाव सुचवा. की आडनावच बदलून टाकू?"

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. कुणाल ठेवा. अश्वजित नको आणि कुशल तर मुळीच नको. आडनाव बदलणं हा निराळाच विषय आहे, त्याचं शेवटी बोलू.

माझी नोकरी पूर्व नागपुरातल्या एका मराठी शाळेत गेली, आधी वर्गशिक्षक आणि मग मुख्याध्यापक. आता घरी बसून जन्मदाखला, नावदुरुस्ती, जात पडताळणी असले अर्ज लोकांना भरून देतो. हौसेनं ठेवलेल्या नावाचं वर्गात काय होतं आणि पुढं कागदोपत्री काय होतं, दोन्ही बघत आलोय.

भारदस्त नावानं आडनाव झाकत नाही, उलट उघडं पडतं. आडनाव हलकं वाटतं म्हणून दुसऱ्या पारड्यात वजनदार नाव टाकायचं, असा सगळ्यांचा हिशेब असतो. पण नाव जितकं राजेशाही, तितका ऐकणारा सावरून बसतो. आता कोणी सरदार-दरकदार येणार असं वाटतं आणि येतं ते गाढवे. हसू आडनावाचं येत नाही, दोहोंतल्या अंतराचं येतं. रुद्रप्रताप गाढवे असं एकदा मोठ्यानं म्हणा, मग संजय गाढवे म्हणा. संजय गाढवे बँकेत असतात, एसटीत असतात, सोसायटीचे सचिव असतात. कान थबकतच नाही.

आमच्या भागात तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांची सजावट स्पर्धा असते. एका वर्षी निवेदक माइकवर बक्षिसांची यादी वाचत होता. एका लेकराचं नाव अश्वमेध, आडनाव बोकडे (नाव थोडं बदललंय). निवेदकानं 'अश्वऽऽमेध' असा सूर लावला, आडनावाशी येऊन अडखळला आणि त्याला राहवलं नाही. "घोडा झाला, बोकड झाला, आता बैलही येऊ द्या!" अख्खा मंडप हसला. पोरगं धोतर-टोपीत, बैलाची दोरी मुठीत घट्ट धरून, आईकडं बघत उभं. त्याच यादीत उंदिरवाडे आडनावाचा एक रोहित होता. तो आला, कंपासपेटी घेतली, निघून गेला. कोणी मानही वर केली नाही. उंदीर काही बोकडापेक्षा मोठा नाही, पण रोहित या नावानं त्याच्याकडं बोट दाखवलं नव्हतं. अश्वजितला माझा विरोध का, ते यात आलं. जनावराच्या आडनावाआधी दुसरं जनावर नको. अश्व, सिंह, गज, नाग, वृषभ, सगळी बाद.

आता कुशल. इथं खरी गोम आहे आणि नावांच्या पुस्तकात ती सापडत नाही. आपल्या विदर्भातली पुष्कळ आडनावं ए-कारान्त आहेत: झाडे, भुते, लुटे, नाकाडे, ताकसांडे, तेलरांधे, घोडमारे. मराठी कानाला यातली काही अनेकवचनी नामं वाटतात, काही क्रियापदं. तुमचं तर उघडउघड अनेकवचन आहे, एक गाढव, अनेक गाढवे. त्याआधी नाव लागलं की मराठी माणसाच्या डोक्यात आपोआप वाक्य जुळतं. कुशल कारागीर, कुशल कामगार, कुशल गाढवे. नवीन गाढवे म्हणजे कालच खरेदी केलेली. अनंत गाढवे म्हणजे मोजता न येणारी. शांत, सुंदर, चंचल, नूतन, चतुर यांचीही तीच गत.

म्हणजे विशेषण असलेलं नाव कधीच नको का? तसं नाही. अमित या शब्दाचाही अर्थ मोजता न येणारा असाच आहे, पण अमित गाढवे ऐकून कोणाला मोजणी आठवत नाही, कारण अमित हा शब्द आपण बोलण्यात वापरतच नाही. तो आता फक्त नाव उरलाय. अमोलचंही तसंच. कसोटी सोपी आहे. जे नाव ठेवायचं ते रोजच्या बोलण्यात एखाद्या वस्तूआधी लावता का? 'कुशल सुतार मिळाला' असं म्हणता. 'कुणाल सुतार मिळाला' म्हटलं तर तो माणूस निघतो. बहिणीला हे समजावून सांगा. तिची दोन अक्षरं नाहीतरी कुणालमध्ये येतातच.

क्रियापदासारख्या आडनावांना उलटी काळजी घ्यावी लागते. तिथं विशेषण चालतं, पण कर्म होऊ शकेल असं नाव चालत नाही. लुटे आडनाव असेल तर धनराज, सुवर्णा, संपत्ती टाळायची. मारे, तोडे, फाडे असा शेवट असेल तर ज्याला मारता-तोडता येतं असं काही आधी नको. क्वचित अर्थ जुळूनही येतो आणि छान जुळतो. शंकर भुते म्हटलं की म्हातारी माणसं हात जोडतात, कारण भुतं शंकराचीच. गोपाळ गायधने, पल्लवी झाडे, ऐकायला गोड. पण हौसेपायी पारिजात झाडे ठेवलंत तर ती रोपवाटिकेची पाटी होते.

ज्यांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत त्यांच्याकडं बघा. दुर्गा खोटे. 'खोटे' आडनाव असून त्या नावात कोणाला कधी खोट दिसली नाही, कारण दुर्गा हे घराघरातलं, ठाम, दोन अक्षरी नाव. आपल्या चंद्रपूरचे शांताराम पोटदुखे अनेकदा खासदार झाले, केंद्रात अर्थ राज्यमंत्री झाले. पोटदुखीचा विनोद सुचायला अक्कल लागत नाही, पण शांताराम हे इतकं घरगुती नाव की विनोद तिथंच विझतो. निळू फुले यांचं मूळ नाव नीळकंठ. लहान केलेल्या नावानं आडनावाबरोबर चित्रच तयार झालं आणि ते लोकांच्या तोंडी बसलं. लांब आडनावाचं उदाहरण हवं तर आपल्या नागपूरचेच नाटककार महेश एलकुंचवार घ्या. आडनाव म्हणताना जीभ दोन वळणं घेते, नाव मात्र साधं, तीन अक्षरी. यातलं एकही नाव आडनावाशी झटापट करत नाही.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. मराठीत नावाचं शेवटचं अक्षर आपण बहुधा पाय मोडून उच्चारतो. आडनाव त्याच अक्षरानं सुरू होत असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. अनिल लांडगेचं अनिलांडगे, सुमन नाकाडेचं सुमनाकाडे. तुमच्यापुरतं म्हणजे ग, क, ख वर संपणारी नावं नकोत. पराग गाढवे घाईत परागाढवे होतं. ग नं सुरू होणारीही नकोत. गौरव गाढवे, गणेश गाढवे हे यमकासारखं डोक्यात बसतं, आणि आपल्याला तेच नकोय. विजय वडेट्टीवारांना ते शोभतं, कारण त्यांच्या आडनावात लपवायचं काही नाही. कुणालच्या शेवटी ल आहे; ल आणि गा यांच्यामध्ये जीभ नीट सुटते.

आता वर्गातलं. आपल्याकडं मुली एकमेकींना नावानं हाक मारतात आणि पोट्टे आडनावानं. हजेरी संपायच्या आत 'ए वाघमारे, पेन दे' सुरू होतं. तुम्ही कितीही देखणं नाव ठेवा, ते वापरलंच गेलं नाही तर उपयोग काय? म्हणून हाक मारायला नाव आडनावापेक्षा सोपं हवं. पोरं आळशी असतात, जे छोटं ते उचलतात. येडे, मोटे, कुटे अशी दोन अक्षरी आडनावं असतील तर नावही तितकंच छोटं लागतं: ओम, नील, यश, जय. तुमचं आडनाव तीन अक्षरी आहे, पण त्याचं 'गाढव' होतंच आणि शिक्षकांच्या तोंडातही तो शब्द असतो, हे मी आमच्याच बिरादरीची लाज राखून सांगतो. कुणाल हे हाकेला दोनच झटक्यांत संपतं, कु-णाल. अश्वजितला तीन लागतात, वर जोडाक्षर. पाचवीतलं पोरगं त्यापेक्षा गाढवे पसंत करणार.

पहिलीत जाण्याआधी एक करा. घरातलं लाडाचं नाव शाळेत जाऊ देऊ नका, शेजारपाजारी कुणालच वापरा. पोरगं स्वतःहून 'मी कुणाल' असं सांगतं तेव्हा निम्मं काम तिथंच होतं. आपणच गोलू-गोलू करत राहिलो तर शाळेतलं नाव त्याला परकं वाटतं आणि मास्तर आडनावावर येतात.

नागपूरचं आणखी एक दुखणं आहे, ते पुण्याच्या लोकांना कळणार नाही. आपण अर्धा दिवस हिंदीत बोलतो. मराठीत निरुपद्रवी असलेलं आडनाव हिंदीत नको ते होतं. ढोके म्हटलं की हिंदी कानाला धोका ऐकू येतो, मोटे म्हणजे जाडे. काहींच्या तर शिव्याच होतात, त्या इथं लिहीत नाही. तुमचं मात्र उलट आहे. हिंदीत गाढवाला गधा म्हणतात, आणि इंग्रजी अक्षरांत जी-ए-डी-एच-ए-व्ही-ई लिहिलेलं हिंदी भाषक बरेचदा 'गढवे' वाचतो. त्याला त्यात गढ दिसतो, म्हणजे किल्ला! पुढं बंगळुरूला नोकरीला गेला तर या आडनावाचा अर्थ तिथं कोणाला सांगावाही लागणार नाही. कुटे आडनावाच्या मंडळींचं विचारा: इंग्रजीत लिहिलं की कोणी 'क्यूट' वाचतो, कोणी त्याहून वाईट. काळे, मोरे, साने यांचेही इंग्रजी शब्द होतात. म्हणून नाव ठरवताना ते मराठीत मोठ्यानं म्हणा, हिंदीत कोणाकडून म्हणवून घ्या आणि इंग्रजीत लिहून अनोळखी माणसाला वाचायला द्या. आर्याचं आर्य आणि आदितीचं अदिती करणारी इंग्रजी स्पेलिंगं जन्मभर पुरतात. कुणालमध्ये तो घोळ नाही.

आता एक नवी गोष्ट आहे, बऱ्याच पालकांना ती दवाखान्यातून घरी आल्यावर कळते. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावाचा सरकारी क्रम बदललाय: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. म्हणजे कागदावर तुमचं आडनाव चौथ्या जागी जाईल आणि मधे दोन माणसं उभी राहतील. तुमच्या फायद्याचंच आहे. पण आद्याक्षरं तपासा. मनस्वी, आई अनिता, वडील दिलीप अशी नावं असतील तर इंग्रजी आद्याक्षरं एम-ए-डी होतात, आणि पोरं हे शोधून काढतात म्हणजे काढतातच. तुमची दोघांची नावं तुम्ही लिहिली नाहीत, तेव्हा के पुढं मांडून घरीच बघून घ्या.

अक्षराचं म्हणाल तर आईला दुखवायची गरज नाही. आर्द्रेची चार अक्षरं कु, घ, ङ, छ. यातल्या ङ वरून नाव ठेवलेला माणूस मी अजून पाहिला नाही. घ वरून घनश्याम निघतं, पण घनश्याम गाढवे म्हणताना तोंडात दगड घोळवल्यासारखं होतं. छ वरचं छगन आजच्या पोराला जड जाईल. उरलं कु, आणि त्यात कुणाल आहे. कोणी जाणकार अशोकाच्या मुलाची, कुणालचे डोळे गेल्याची कथा काढेल. ऐकून घ्या आणि सोडून द्या. गेल्या दोन पिढ्यांत हे नाव घरोघर झालंय. आणि समजा अक्षर जुळलंच नसतं, तरी जन्मनाव वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं ही आपली जुनीच रीत आहे. पत्रिकेत आणि संकल्पात एक, शाळेत दुसरं. बारशाला आत्या कानात कुर्र करते तेव्हा दोन्ही नावं सांगतात अशी घरं आहेत. कुणाल नकोच झालं तर निखिल, रोहन, संकेत, सचिन यांतलं काहीही गाढवेसोबत बिनआवाज चालतं.

मुलगी असती तर लोक म्हणाले असते, "लग्नानंतर बदलेलच आडनाव, कशाला एवढा विचार?" हे मला पटत नाही. शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, सगळं माहेरच्याच आडनावावर होतं आणि आता पुष्कळ जणी पुढंही तेच ठेवतात.

राहिला आडनाव बदलायचा प्रश्न. होतं ते, कायदेशीर आहे, राजपत्रात जाहिरात देऊन करतात. पण घाई करू नका. तुम्ही राखीव प्रवर्गात असाल तर पोराला पुढं जात पडताळणीला उभं राहायचंय. समितीला वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे शाळेचे दाखले लागतात. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. त्या सगळ्या कागदांवर गाढवे आहे. पोराच्या दाखल्यावर नवीन आडनाव असेल तर दोहोंना जोडणारं राजपत्र दर वेळी लावायचं, आणि ते राजपत्र हरवलेली माणसं माझ्याकडं डोकं धरून येतात. स्वतःच्या आधारवर एक, शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात (प्रवेश आणि शाळा सोडल्याची नोंदवही) दुसरं आणि सातबाऱ्यावर तिसरंच, अशी घरं मी बघितली आहेत. त्यातून माझा सल्ला, आडनाव राहू द्या. तरीही बदलायचंच असेल तर आधी तुमचं स्वतःचं बदला. राजपत्र, आधार, पॅन, सगळं एकसारखं करा आणि मगच बाळाच्या दाखल्याकडं या. उलट क्रमानं केलं की वडील गाढवे आणि मुलगा दुसराच कोणी, असा दाखला तयार होतो.

त्यासाठी वेळ आहे. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती माहिती दवाखानाच पाठवतो. पण नाव त्याच वेळी द्यावं लागत नाही. रकाना रिकामा ठेवून नोंद होते आणि वर्षभरात नाव विनाशुल्क भरता येतं. त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. तेव्हा 'नाव लवकर सांगा, फॉर्म भरायचाय' असं कोणी म्हटलं म्हणून तोंडाला येईल ते सांगू नका. पण एकदा दाखल्यावर नाव चढलं की चढलं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, पासपोर्ट, सरकारी नोकरी यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालणार आहे. पूर्वी शाळेत मास्तर अंदाजानं तारीख आणि कानाला आलं ते नाव लिहून घ्यायचे, ते दिवस गेले.

नाव भरायला महापालिकेच्या तुमच्या झोन कार्यालयात जाल तेव्हा मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं कागदावर सुवाच्य लिहून न्या, तोंडी सांगू नका. गाढवे हे इंग्रजीत जी-ए-डी-एच-ए-व्ही-ई की मधला ए गाळून, हे तुमच्या स्वतःच्या दहावीच्या सनदेवर जसं असेल तसंच लिहा. पडद्यावर नोंद झाली की बटण दाबण्याआधी एकदा दाखवा म्हणावं, आणि ढ च्या जागी द तर नाही ना पडला तेही बघा. तुमच्या आडनावाच्या एका कुटुंबात वडील 'गाढवे', मुलगी 'गादवे' आणि मुलगा 'गडावे' अशी तीन घराणी झाली होती. ती दुरुस्त करताना त्यांना जेवढ्या खेपा पडल्या तेवढ्या आडनाव बदलायलाही पडल्या नसत्या.